बॅटरी गेली, की भरलीच नाही?



सकाळी ट्रॅक्टर किंवा पिकअप सुरू झाली नाही, की आपल्याकडे पहिले वाक्य ठरलेले असते : "बॅटरी गेली." मग शेजारच्या पोरांना हाक मारायची, चौघांनी मिळून धक्का मारायचा, आणि गाडी सुरू झाली की थेट बॅटरीच्या दुकानी जाऊन पाच-सात हजार रुपये मोजायचे. नवी बॅटरी बसते, सेल्फ एका झटक्यात लागतो, घरात समाधान होते. काही महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार. मग दोष कंपनीला, नाही तर दुकानदाराला.

भूम तालुक्यातील ईट आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर फिरताना हे इतक्या वेळा पाहण्यात आले, की बियाणे-खतांचा विषय बाजूला ठेवून यावर एकदा सविस्तर लिहावे असे ठरवले. ईटच्या एका दूध-व्यवसाय करणाऱ्या शेतकऱ्याने चौदा महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. तिसरी आणायला निघाला तेव्हा त्याला म्हटले, जरा बॉनेट उघडा. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा इतका सैल झालेला, की बोटाने दाबला तर दोन इंच खाली जाई, आणि वर तेलाने माखलेला. इंजिन फिरे, पट्टा घसरे, अल्टरनेटर अर्धामुर्धा फिरे. बॅटरी बिचारी रोज उपाशी राहत होती. पट्टा नवा टाकला, तीच बॅटरी दुकानात रात्रभर चार्जिंगला लावली, आणि त्याच बॅटरीवर ती गाडी पुढे दोन वर्षे चालली. खर्च काही शे रुपयांचा झाला. आधीच्या दोन बॅटऱ्यांचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

हे पैसे वाचावेत एवढ्यासाठीच हा लेख नाही. रात्री कुणाला पान लागते, सुनेच्या कळा सुरू होतात, बार्शीला दवाखान्यात न्यायचे असते, आणि चावी फिरवली तर नुसते 'टक्' वाजते. तेव्हा या दोन वस्तू काय काम करतात हे घरातल्या प्रत्येकाला, आणि हल्ली गाडी चालवणाऱ्या आपल्या मुली-सुनांनाही, ठाऊक असायला हवे.

ऑइल इंजिनाला बॅटरी कुठे होती?

पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना विहिरीवरचे ऑइल इंजिन आठवत असेल. झडप उचलून धरायची, हॅण्डल मारून चाकाला गती द्यायची, झडप सोडली की 'भक् भक्' करत इंजिन चालू. त्याला ना बॅटरी होती ना वायर. डिझेलच्या इंजिनात ठिणगीची गरजच नसते. सिलिंडरमध्ये हवा जोराने दाबली की ती भयंकर तापते, त्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटते. पहिला फेरा मात्र बाहेरून कोणीतरी द्यावा लागतो. पाच अश्वशक्तीच्या एका सिलिंडरला माणसाचा हात पुरतो. तीन सिलिंडरच्या चाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला तो पुरत नाही.

मोटारीसुद्धा पूर्वी हॅण्डलनेच सुरू होत. हॅण्डल उलटे फिरून मनगट मोडल्याच्या गोष्टी आपल्या आजोबांच्या पिढीने ऑइल इंजिनाच्याही सांगितल्या आहेत. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने विजेचा सेल्फ-स्टार्टर तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत तो बसवला गेला. त्यात युक्ती अशी होती, की बॅटरीच्या जोरावर जे यंत्र इंजिन फिरवी, तेच इंजिन सुरू झाल्यावर उलट वीज तयार करून बॅटरी भरी. आज ही दोन कामे दोन वेगळी यंत्रे करतात, सेल्फ आणि अल्टरनेटर, पण व्यवहार तोच आहे. बॅटरीने उसने द्यायचे आणि इंजिनाने ते फेडायचे.

बॅटरीचे काम थोडा वेळ, पण जोराचे

आपल्या गाडीच्या बॅटरीत सहा खाने असतात. प्रत्येक खान्यात शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाचे तेजाब. एका खान्यात दोन व्होल्टपेक्षा थोडी जास्त वीज, म्हणजे सहा खान्यांची पूर्ण भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या जरा वर. शिशाची बॅटरी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली बनवली. तिच्यात सुधारणा पुष्कळ झाल्या, मूळ रसायन अजून तेच आहे.

सेल्फ मारतो तेव्हा ही बॅटरी दीड-दोनशे ॲम्पिअर, मोठ्या डिझेल इंजिनाला त्याहूनही जास्त वीज एकदम सोडते. दोन हेडलाइट मिळून सुमारे दहा ॲम्पिअर घेतात, त्यावरून कल्पना करा. पण हे सारे तीन-चार सेकंदांचे काम. हिशेब केला तर एका वेळच्या सेल्फला बॅटरीतला फार थोडा साठा लागतो. ८० ॲम्पिअर-तासांची बॅटरी असेल तर एका सेल्फला पाव ॲम्पिअर-तासही जात नाही. म्हणजे चांगल्या बॅटरीला सेल्फचे ओझे नाही. तिला मारते ते रिकामे होऊन पडून राहणे, आणि अर्धवट भरणे.

अल्टरनेटर म्हणजे काय?

इंजिनाच्या बाजूला, पट्ट्यावर फिरणारा, जाळीदार ॲल्युमिनियमच्या कवचातला गोल डबा दिसतो तो अल्टरनेटर. आत मधोमध एक लोहचुंबक फिरतो, भोवती तांब्याच्या तारांचे वेढे बसवलेले असतात. चुंबक फिरला की वेढ्यांत वीज तयार होते. फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. आपल्या कोयनेच्या धरणावरची प्रचंड जनित्रेही याच तत्त्वावर चालतात.

फिरत्या चुंबकातून येणारी वीज मात्र क्षणात इकडे, क्षणात तिकडे अशी वाहते. बॅटरी भरायला ती एकाच दिशेने वाहायला हवी. त्यासाठी आत डायोड नावाचे छोटे तुकडे बसवलेले असतात. डायोड म्हणजे विजेचा फूट व्हॉल्व्ह समजा. पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. आणि फूट व्हॉल्व्ह गळका झाला की रात्रीत पाइप रिकामा होतो, तसा डायोड बिघडला की गाडी नुसती उभी असताना बॅटरीतली वीज अल्टरनेटरमधून झिरपून जाते. संध्याकाळी ठणठणीत असलेली बॅटरी सकाळी मेलेली आढळली आणि दिवा कुठलाच चालू राहिलेला नसेल, तर हीही शंका घ्यावी.

पूर्वीच्या ट्रॅक्टर-जीपवर अल्टरनेटरच्या जागी डायनामो असे. त्याची खोड अशी, की इंजिन हळू चालू असेल तर तो जवळजवळ काहीच देत नसे, आणि त्याचे कार्बन लवकर झिजत. डायोड स्वस्त झाले तसा डायनामो मागे पडला. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० पासून मोटारींना अल्टरनेटर बसवायला सुरुवात केली, आणि पुढे तो सगळीकडे आला. जुन्या मिस्त्री मंडळींच्या पुष्कळ सवयी डायनामोच्या काळातल्या आहेत. त्यातली एक फार महाग पडते. ती पुढे सांगतो.

डायनामोचा एक गुण मात्र अल्टरनेटरमध्ये नाही. अल्टरनेटरमधला चुंबक हा कायमचा चुंबक नसतो. बॅटरीतून थोडी वीज मिळाली तरच त्याच्यात चुंबकत्व येते. म्हणून बॅटरी पार कोरडी पडली असेल, तर धक्का मारून इंजिन चालू झाले तरी अल्टरनेटर बहुधा जागा होत नाही. तेव्हा दुसऱ्या बॅटरीचा आधार द्यावाच लागतो.

चालत्या गाडीत कारभार कोणाचा?

आता मुख्य मुद्दा. गाडी चालू असताना दिवे, हॉर्न, पंखा, टेप हे सगळे बॅटरीवर चालते असा बहुतेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. इंजिन सुरू झाले आणि अल्टरनेटर नीट फिरू लागला, की सगळा कारभार अल्टरनेटरकडे जातो.

आपल्या मळ्यातला हौद आणि विहिरीवरचा पंप डोळ्यांसमोर आणा. पंप बंद असताना हौदातले पाणी वापरायचे. पंप चालू झाला की त्याचे पाणी सरळ दारे धरलेल्या पिकाला जाते, आणि उरलेले हौदात पडते. बॅटरी हा हौद, अल्टरनेटर हा पंप. भरलेल्या बॅटरीची पातळी साडेबारा-पावणेतेरा व्होल्ट, अल्टरनेटरची चौदा व्होल्टच्या आसपास. पाणी उंचावरून सखल जागी वाहते, तशी वीज अल्टरनेटरकडून दिव्यांकडेही जाते आणि बॅटरीकडेही. हौद भरून वाहू नये म्हणून अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर असतो. तो पातळी साडेचौदाच्या वर जाऊ देत नाही.

पिकाला लागणारे पाणी पंपाच्या धारेपेक्षा जास्त झाले तर? मग हौदातून भर पडू लागते. गाडीतही तसेच. इंजिन मंद चालू आहे, हेडलाइट लागले आहेत, पंखा आहे, मागे ट्रॉलीवर झगमगाट आहे, अशा वेळी अल्टरनेटर अपुरा पडतो आणि कमी पडेल ते बॅटरी देते. गाडी चालू असल्यामुळे आपल्याला वाटते बॅटरी भरते आहे. ती रिकामी होत असते.

उसाच्या हंगामात हे हमखास घडते. रात्रीचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, आणि डेकवर गाणी. गाण्यांवर राग नाही, रात्रभर जागणाऱ्या ड्रायव्हरला ती सोबत असते. पण हिशेब पाहा. पुष्कळ ट्रॅक्टरांचे अल्टरनेटर ३६ ॲम्पिअरच्या आसपासचे असतात. चौदा व्होल्टने गुणले तर सुमारे ५०० वॅट, आणि तेही इंजिन चांगल्या वेगात असताना. हेडलाइट, मागचे दिवे मिळून दीडशे वॅट गेले. वर तीन-चारशे वॅटचा ॲम्प्लिफायर जोडला की बॅटरीच्या वाट्याला काय उरले? कारखान्याच्या गेटवर रांगेत तासन् तास इंजिन बंद करून डेक वाजत राहिला, तर मग विचारायलाच नको.

दूध गोळा करणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. भूम तालुक्याचा खवा प्रसिद्ध आहे. त्याच्या भट्ट्यांना आणि डेअऱ्यांना दूध पोचवणारी पिकअप पहाटे अंधारात निघते, वस्तीवस्तीवर थांबते, आणि दहा-पंधरा वेळा सेल्फ मारते. सगळे म्हणतात, इतक्या वेळा सेल्फ मारला की बॅटरी जाणारच. पण वर पाहिले तसे पंधरा सेल्फना तीन-चार ॲम्पिअर-तासच लागतात. खरा खर्च थांब्यावर होतो. प्रत्येक थांब्यावर चार मिनिटे इंजिन बंद आणि हेडलाइट चालू, असे पंधरा थांबे झाले की एक तास. हेडलाइट, मागचे दिवे धरून बारा ॲम्पिअर-तास गेले, सेल्फच्या तिप्पट. दूध मोजायला बॅटरीचा छोटा कंदील किंवा एखादा एलईडी दिवा ठेवा, आणि थांब्यावर हेडलाइट बंद करा. एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो.

"अर्धा तास इंजिन चालू ठेवा, बॅटरी भरेल" हा सल्लाही फसवा आहे. मंद इंजिनावर अल्टरनेटर थोडेच देतो, आणि रिकामी बॅटरी सुरुवातीला भराभर घेत असली तरी शेवटचा भाग फार सावकाश भरतो. पार उतरलेली बॅटरी पूर्ण भरायला आठ-दहा तास लागतात. ते काम दुकानातल्या चार्जरवर रात्रभर करून घ्यावे. डिझेल जाळून करू नये.

लाल दिवा

चावी फिरवली की समोर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागतो, इंजिन सुरू झाले की विझतो. तो बॅटरीचा दिवा नव्हे, चार्जिंगचा आहे. चावी फिरवल्यावर तो लागलाच नाही तर बल्ब गेला आहे, तो आधी बदला. कारण पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटरला जागे करणारी वीज याच दिव्यातून जाते. इंजिन चालू असताना तो पेटला, तर अल्टरनेटरने काम सोडले आहे आणि आता तुम्ही हौदातल्या पाण्यावर आहात असे समजा.

अशा वेळी प्रथम गाडी बाजूला घेऊन तापमानाचा काटा पाहा. अनेक ट्रॅक्टर आणि जुन्या जीपमध्ये एकच पट्टा अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि पंखा फिरवतो. तो तुटला असेल तर पुढे एक मैलही जाऊ नये, इंजिन जाम होईल. पट्टा शाबूत असेल तर डेक, पंखा, जास्तीचे दिवे बंद करा, आणि वाटेत इंजिन बंद करू नका, पुन्हा सेल्फ लागेलच असे नाही.

आता किती लांब जाल? जुन्या पद्धतीच्या डिझेल ट्रॅक्टरचे इंजिन विजेशिवायही चालते. दिवसा तो घरी पोचेल, रात्री दिवे मंद होत जातील एवढेच. नव्या पिकअप आणि कारचे तसे नाही. त्यांचे डिझेल संगणकाच्या हुकमाने फवारले जाते. ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांनाही २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले, आणि तिथेही हीच पद्धत येत आहे. अशा गाडीची बॅटरी संपली की इंजिन जागेवर बंद. बॅटरी चांगली भरलेली असेल तर रात्री हेडलाइट लावून तास-दीड तास धकेल, जुनी असेल तर अर्ध्या तासाचाही भरवसा नाही. बालाघाटाच्या डोंगरातल्या वळणावर अंधारात ट्रॉलीसकट बंद पडण्यापेक्षा जवळच्या गावात थांबलेले बरे.

शंभर-दोनशे रुपयांचा मीटर

घरी साधा मल्टिमीटर ठेवा. बाजारात तीनशे रुपयांच्या आत मिळतो आणि दहावीतले पोरगे तो वापरू शकते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर धरा. १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, बाराच्या खाली म्हणजे रिकामी. मग इंजिन सुरू करा, थोडी रेस द्या आणि पुन्हा पाहा. १३.८ ते १४.५ दिसले तर अल्टरनेटर ठीक. तेराच्या खाली राहिले तर चार्जिंग होत नाही, पट्टा, कार्बन, वायर तपासा. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर गेला आहे. तो बॅटरी उकळून काढील आणि दिवेही जाळील. अगदी नव्या काही कारमध्ये संगणक हा आकडा मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यांना हा नियम काटेकोर लागू होत नाही.

मीटर नसेल तर कानाचा उपयोग करा. सेल्फ मारताना 'टक-टक-टक' असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरली आहे, नाही तर तिची टोके सैल किंवा गंजलेली आहेत. एकच 'टक्' वाजून दिवे प्रखरच राहिले तर दोष बहुधा सेल्फमध्ये. आणि काहीच आवाज नाही, दिवे मात्र लख्ख, असे असेल तर आधी क्लच पूर्ण दाबून पाहा. काही ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. यासाठीही बॅटरी खांद्यावर घेऊन दुकानी गेलेली माणसे पाहिली आहेत.

पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. फार ताणला तर अल्टरनेटरचे बेअरिंग जाते.

मघाशी म्हटली ती महागडी सवय आता सांगतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, आणि इंजिन चालूच राहिले तर "चार्जिंग ठीक आहे" म्हणायचे, ही डायनामोच्या काळातली परीक्षा आहे. अल्टरनेटर असताना असे केले, की बॅटरीचा आधार सुटल्याबरोबर विजेचा दाब एकदम उसळतो आणि डायोड जळतात. नव्या गाडीत संगणकही जळू शकतो, त्याची किंमत चार-पाच बॅटऱ्यांहून जास्त असते. कोणी मिस्त्री असे करू लागला तर त्याचा हात धरा.

पाणी, ऊन आणि पडून राहणे

आपल्या भागात उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. या उष्णतेने बॅटरीतले पाणी उडते आणि आतल्या जाळ्या गंजतात. झीज होते उन्हाळ्यात, पण ती कळते डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, जेव्हा इंजिनातले तेल घट्ट झालेले असते आणि बॅटरीची ताकदही थंडीने कमी झालेली असते. म्हणून बॅटरीची तपासणी दिवाळीच्या आधी करावी.

झाकणाच्या बॅटरीत पट्ट्या पाण्याखाली बुडालेल्या राहिल्या पाहिजेत. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने पाहावे. घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचे पाणी नको, त्यातले क्षार पट्ट्यांवर बसतात. गावातल्या आरओच्या जारचे पाणीही नको, त्यातही थोडे क्षार उरतात. आणि तेजाब तर कधीच घालू नये. उडून जाते ते पाणी, तेजाब आतच राहते.

सोयाबीन उभे असताना ट्रॅक्टर आठवडेच्या आठवडे शेडमध्ये उभा असतो. बॅटरी काही न करताही हळूहळू उतरते, आणि उतरलेल्या स्थितीत पडून राहिली की पट्ट्यांवर पांढरे कठीण थर बसतात, मग ती कितीही चार्ज केली तरी पूर्वीसारखी होत नाही. लांब मुक्काम असेल तर उणे टोकाची वायर काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा बॅटरी भरून घ्या.

जाता जाता एक जुनी आठवण. १९८७-८८ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागे, आणि वीज नसली की ठिकठिकाणच्या गावांत ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडली जाई. चावडीपुढे सगळे गाव जमे. एखाद्या तासाने काही बिघडत नसे. आज मात्र भारनियमनात ट्रॅक्टरचीच बॅटरी इन्व्हर्टरला जोडून रात्रभर पंखे चालवणारी घरे आहेत. सेल्फच्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ असतात, एकदम जोर देण्यासाठी. रोज तळ गाठण्यासाठी त्या केलेल्या नाहीत. इन्व्हर्टरला जाड नळीच्या पट्ट्यांची ट्युब्युलर बॅटरी लागते. वर्षभर असे केले तर दोन्ही कामांना ती निकामी होईल.

जिवाला जपा

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो ठिणगीने स्फोट घेतो आणि तेजाब तोंडावर उडते. म्हणून बॅटरीत पाणी किती आहे ते काडी किंवा लायटर पेटवून पाहू नका, टॉर्च घ्या. विडी बाजूला ठेवा. डोळ्यांत तेजाब गेले तर निदान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरा आणि तसेच दवाखान्यात जा. टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते, पण ते पाणी खान्यांत जाऊ देऊ नका. वायर काढताना उणे आधी, लावताना उणे शेवटी.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करताना दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच असाव्यात. मोठ्या ट्रकची व्यवस्था २४ व्होल्टची असते, ती जोडू नये. अधिक टोक अधिकाला जोडा. उणेची वायर आधी चांगल्या बॅटरीला लावा, आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा, म्हणजे ठिणगी वायूपासून लांब पडेल.

आणि जुनी बॅटरी घरी फोडू नका. शिसे वितळवून चार पैसे मिळतील, पण त्याची धूळ आणि धूर लेकरांच्या पोटात जातो. शिशाचे विष मुलांच्या मेंदूवर परिणाम करते आणि ते लवकर कळूनही येत नाही. २०२२ च्या केंद्र सरकारच्या बॅटरी-कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्यावर योग्य प्रक्रिया करवून घेण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीतून जुनीचे पैसे वळते करतात. तेव्हा जुनी बॅटरी सोबतच न्या, बिलावर तिची रक्कम वेगळी लिहून घ्या, आणि वॉरंटी कार्डावर तारीख व बॅटरीवरचा नंबर दुकानातच उभे राहून भरून घ्या.